कंट्रोल म्हणजे नक्की काय? (ताबा, सत्ता, अंमल वगैरे)

कंट्रोल हा आता मराठी शब्द झाला आहे, यावर वाद नसावा. आजीच्या पिढीला कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धान्यावर आणि कापडावर सरकारी नियंत्रण आलं, त्याबरोबर 'कंट्रोलचे तांदूळ', 'कंट्रोलचं कापड' असे शब्द घरोघर आले. युद्ध संपलं, शब्द मात्र राहिला. वडिलांच्या पिढीची शुगर कंट्रोलमध्ये असते किंवा नसते. आणि आपल्याला कंट्रोल म्हणजे कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातलं, झीच्या जोडीनं दाबलं की घातलेला घोळ निस्तरणारं बटण.

एवढा वापरातला शब्द, पण त्याचा अर्थ विचारला की गडबड होते. आमच्या हापिसात एका प्रोजेक्टबद्दल सहज प्रश्न निघाला, "या सिस्टीमचा कंट्रोल नक्की कोणाकडे आहे?" चार जणांनी चार उत्तरं दिली. एक म्हणाला, पैसे देतो त्या क्लायंटकडे. दुसरा म्हणाला, मॅनेजरकडे. तिसरा म्हणाला, ज्याच्याकडे रूट पासवर्ड आहे त्याच्याकडे. चौथा म्हणाला, रोज लॉग वाचतो त्याच्याकडे. गंमत म्हणजे चौघांचंही थोडं थोडं बरोबर होतं, कारण चौघं चार वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होते आणि चारही गोष्टींना आपण एकच शब्द वापरतो.

खेड्यात असं होत नाही. माझं आजोळ गडमुडशिंगी. करवीर तालुक्यातलं, कोल्हापूरहून हुपरीच्या रस्त्याला लागलं की येणारं गाव. तिथे जमिनीबद्दल बोलताना कोणी मोघम शब्द वापरत नाही. जमीन कोणाच्या 'नावावर' आहे हा एक प्रश्न, कोणाच्या 'ताब्यात' आहे हा दुसरा, आणि 'वहिवाट' कोणाची हा तिसरा. तिन्हींची उत्तरं तीन वेगळी माणसं असू शकतात, आणि तशी असली की दिवाणी कोर्टात दोन पिढ्यांची सोय होते. शेजारीच कोल्हापूरचा विमानतळ आहे, राजाराम महाराजांच्या काळात १९३९ साली सुरू झालेला. त्याच्या विस्तारासाठी जमीन घेण्याचा विषय निघाला तेव्हा गडमुडशिंगीच्या जमिनीही त्यात आल्या. अशा वेळी 'नावावर' आणि 'ताब्यात' यातला फरक हा व्याकरणाचा मुद्दा राहत नाही, घरातल्या पैशाचा होतो.

विमानतळाचंच उदाहरण घ्या. धावपट्टीवर उतरणारं विमान मालकीनं एखाद्या कंपनीचं असतं. ताबा वैमानिकाचा, कारण कळा त्याच्या हातात. पण 'कंट्रोल' म्हणून जी गोष्ट ओळखली जाते ती टॉवरमध्ये बसलेल्या माणसाची. त्याच्या हातात विमानाचा एक स्क्रूही नाही. त्याच्याकडे आहे ते एवढंच: आकाशात कोण कुठे आहे याचं चित्र, कोण कुठे असायला हवं याचा हिशेब, आणि दोन्हींत फरक दिसला तर बोलायची सोय. विमान चालवणं हे त्याचं कामच नाही. काम आहे ते पडताळणं.

आता जरा शब्दांच्या मुळाशी जाऊ. (हा माझा आवडता विकांताचा उद्योग.)

'सत्ता' संस्कृत, सत् पासून. मूळ अर्थ नुसता 'असणं', अस्तित्व. 'अंमल' अरबी. मूळ अर्थ कृती, काम. मराठीत तो राज्याचाही चढतो आणि दारूचाही, आणि दोन्ही उतरतात. 'ताबा'ही अरबीच. त्याच्या मुळाशी 'मागून चालणारा' हा अर्थ आहे, ताबेदारमध्ये तो अजून दिसतो. म्हणजे हा शब्द मुळात मागे चालणाऱ्याचा, आपण तो धरणाऱ्याच्या हातात दिला. 'नियंत्रण'मध्ये आवरणं, लगाम घालणं आहे. 'यंत्र' हा शब्द त्याच घरातला, आणि रथ हाकणाऱ्या सारथ्याला संस्कृतात 'यन्ता' म्हणतात.

आणि 'कंट्रोल'? याचं मूळ मध्ययुगीन लॅटिनमध्ये आहे: 'कॉन्ट्रा-रोट्युलस'. रोट्युलस म्हणजे गुंडाळी, हिशेबाचा कागद. कॉन्ट्रा म्हणजे समोरचा, विरुद्ध. म्हणजे मूळ हिशेबासमोर ठेवलेली दुसऱ्या माणसाकडची दुसरी वही! खजिनदार एक वही लिहितो, दुसरा कोणी स्वतंत्रपणे दुसरी लिहितो, आणि दोन्ही ताडून पाहिल्या की गडबड उघडी पडते. हुकूम सोडणं, धाक दाखवणं हे अर्थ मागाहून चिकटले. आपल्या राज्यघटनेत तो जुना अर्थ शाबूत आहे. 'कॅग'चं मराठी नाव पाहा, 'नियंत्रक व महालेखापरीक्षक'. त्याच्या हातात ना तिजोरी ना फौज, पण नावात नियंत्रक. कारण त्याच्याकडे दुसरी वही आहे.

ही दुसरी वही आपल्याला काही परकी नव्हती. मराठी गावगाडा तिच्यावरच चालायचा. पाटील वसूल करायचा, कुलकर्णी लिहायचा. वर परगण्यात देशमुख आणि देशपांडे, पुन्हा तीच जोडी. गडावर तर ही व्यवस्था आणखी घट्ट. शिवाजी महाराजांच्या गडांवर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे वेगवेगळे अधिकारी असत: एकाकडे गडाचा हुकूम, दुसऱ्याकडे दप्तर आणि हजेरी, तिसऱ्याकडे धान्य-दारूगोळ्याचा साठा. जोडीला फौजेचा सरनोबत. हेतू साधा, एकट्या माणसाला गड परस्पर विकता येऊ नये. आपण आज कोड लिहिणाऱ्यालाच तो थेट प्रॉडक्शनवर टाकू देत नाही, दुसऱ्याला रिव्ह्यू करायला लावतो, त्यामागचा विचार हाच.

आणि ज्या कंपनी सरकारनं हे गड घेतले तिच्यावरही लंडनमध्ये दुसरी वही होती. १७८४ च्या कायद्यानं ईस्ट इंडिया कंपनीवर एक मंडळ नेमलं गेलं. नाव होतं, बोर्ड ऑफ कंट्रोल. व्यापार कंपनीचा, नोकर कंपनीचे, पण राज्यकारभाराबद्दलच्या कागदांच्या नकला या बोर्डाकडे जायच्या आणि हिंदुस्थानात जाणारे हुकूम त्याच्या संमतीनं जायचे. शब्दशः दुसरी वही. १८५८ साली कंपनीचं राज्य संपलं तेव्हा बोर्डही संपलं.

आता मुद्द्यावर येतो. सत्ता, ताबा आणि नियंत्रण या तीन गोष्टी तीन हातांत गेल्या की काय होतं, याचं मला माहीत असलेलं सर्वांत स्वच्छ उदाहरण कोल्हापुरातच घडलं, १८४४ साली.

पार्श्वभूमी थोडक्यात. १८३८ मध्ये शहाजी ऊर्फ बावासाहेब छत्रपती वारले. मुलगा शिवाजी (पुढे बाबासाहेब) लहान. कारभार घरातल्या ताराबाई दिवाणसाहेबांकडे गेला. कंपनी सरकारला तो पसंत पडेना, म्हणून १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी आपल्या विश्वासातला माणूस कारभारी म्हणून बसवला, दाजी कृष्ण पंडित. गादी छत्रपतींची, शिक्का छत्रपतींचा, सही-हुकूम दाजी पंडितांचा आणि दाजी पंडितांना दिशा मुंबई सरकारची.

दाजी पंडितांनी कारभार सुधारायला घेतला. त्यांना एक गोष्ट खटकली: संस्थानात दुहेरी कारभार होता. खालसा गावं मामलेदाराकडे, पण गडांना नेमून दिलेली गावं आणि जमिनी गडाच्या कारभाराखाली. पिढ्यान्‌पिढ्या गड राखणारे गडकरी या जमिनींवर जगत. दाजी पंडितांनी ही दुहेरी व्यवस्था मोडून गडांच्या जमिनीही मामलेदाराकडे दिल्या. कागदावर अगदी शहाणपणाचा निर्णय. डुप्लिकेट कोड दिसला की आपले हात शिवशिवतात, तसंच.

पण गडकऱ्यांच्या बाजूनं पाहा. गड राखायचं काम त्यांच्याकडेच, आणि ज्या जमिनीवर घर चालतं तिची वही मात्र आता खालच्या कचेरीत, ज्याचा गडाशी काही संबंध नाही अशा माणसाकडे. उद्या त्यानं जमीन सरकारजमा म्हणून लिहिली तर समोर ठेवायला दुसरी वही कुठे आहे? १८४४ च्या उन्हाळ्यानंतर गडहिंग्लजजवळच्या सामानगडाच्या गडकऱ्यांनी सरकारी माणसांसमोर दरवाजे बंद केले.

इथे ताब्याचा खरा अर्थ कळतो. ताबा म्हणजे दरवाजा बंद करता येणं. तेवढंच! गडकऱ्यांना कर बसवता येत नव्हता, मामलेदार बदलता येत नव्हता, मुंबईला आपलं म्हणणं ऐकवता येत नव्हतं. फक्त आतून अडसर घालता येत होता. ज्याच्या हातात नुसता ताबा आहे त्याच्याकडे बोलायला एकच शब्द असतो: नाही.

पुढचं इतिहासात नोंदलेलं आहे. बेळगावहून फौज आली, जनरल डेलामोट यांनी १३ ऑक्टोबर १८४४ रोजी सामानगड हल्ला करून घेतला. तोवर बंड पसरलं होतं. कोल्हापूर शहरात खुद्द दाजी पंडितांना कैद करण्यात आलं. साताऱ्याचे रेसिडेंट कर्नल ओव्हान्स या मुलखातून जात असता बंडवाल्यांच्या हाती लागले आणि पन्हाळ्यावर त्यांना डांबण्यात आलं. १ डिसेंबरला पन्हाळा पडला. त्यानंतर गडांची तटबंदी मोडण्यात आली. पन्हाळ्याचा चार दरवाजा पाडला गेला तो याच वेळी, आज तिथे त्याचे अवशेष पाहायला मिळतात. गडकऱ्यांच्या वंशपरंपरेच्या शिबंद्या मोडल्या. आणि बंड मोडायचा खर्च? तो कोल्हापूर संस्थानाच्या नावे पडला.

आता आपले शब्द पुन्हा लावून पाहा. सत्ता छत्रपतींची होती, अगदी मूळ अर्थानं: ते 'होते'. अंमल दाजी पंडितांचा. ताबा गडकऱ्यांचा. आणि या सगळ्यांना हवं तिकडे वळवायची ताकद मुंबई सरकारची. पण त्या ताकदीला नियंत्रण म्हणायला माझी जीभ वळत नाही. साधा गीझरचा थर्मोस्टॅटसुद्धा आधी पाण्याचं तापमान मोजतो, ठरवलेल्या तापमानाशी ताडतो आणि मगच वीज तोडतो. मोजणं, ताडणं, दुरुस्त करणं. यातलं पहिलं काढलं तर उरतो नुसता हीटर. मुंबईपर्यंत दाजी पंडितांची वही पोचत होती, गडकऱ्यांची पोचत नव्हती. एकाच बाजूची वही वाचून चालवलेली ताकद म्हणजे वचक. तो दिसायला नियंत्रणासारखाच दिसतो, पण दरवाजा बंद झाल्याशिवाय त्याला काही कळत नाही.

यानंतर कंपनीनं १८४५ पासून पोलिटिकल सुपरिंटेंडेंट नेमून कारभार थेट हाती घेतला. १८६२ च्या तहानं बाबासाहेब छत्रपतींना अधिकार परत मिळाले, पण महत्त्वाच्या बाबतींत इंग्रज सरकारच्या सल्ल्यानं चालायचं, या अटीवर. 'सल्ला' हा शब्द इथे नीट पाहा. जो नाकारता येत नाही त्याला सल्ला म्हणणं ही त्या काळातली खास युक्ती. हुकूम दिला की परिणामाची जबाबदारी हुकूम देणाऱ्यावर येते. सल्ला दिला की ती ऐकणाऱ्यावर जाते. (क्लायंटच्या मीटिंगमधलं 'नुसतं सुचवतोय' आठवलं असेल तर तो योगायोग समजू नका.)

याची सर्वांत वाईट किंमत चौथ्या शिवाजी महाराजांनी दिली. दत्तक आलेला लहान मुलगा. भोवती इंग्रज देखरेख, कारभार दिवाण माधवराव बर्वे यांच्याकडे. महाराजांना वेड लागलं आहे असं जाहीर झालं. खरंच वेड होतं की छळ होता, हे बाहेरून कोणाला तपासता येईना, कारण वही एकाच बाजूची. 'केसरी' आणि 'मराठा' यांनी दुसरी वही व्हायचा प्रयत्न केला. पण ज्या पत्रांच्या आधारावर त्यांनी बर्व्यांवर आरोप केले ती बनावट निघाली, आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना अब्रुनुकसानीच्या खटल्यात चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबर १८८३ रोजी, महाराज अहमदनगरला नजरकैदेत असताना एका गोऱ्या शिपायाबरोबरच्या झटापटीत वारले. वय विशीच्या आसपास. दुसरी वही नसली की काय होतं हे यात दिसतं, आणि दुसरी वही खोटी निघाली तर काय होतं, तेही.

इथवर वाचून वाटेल की दोन वह्या, दोन माणसं, झालं काम. पण कोल्हापूरच्याच इतिहासानं यापुढचं एक पाऊल शिकवलं आहे, आणि ते राजर्षी शाहूंचं.

वर मी पाटील-कुलकर्णी जोडीचं कौतुक केलं. पण काळाच्या ओघात या जोडीचं काय झालं? एक वसूल करणार, दुसरा लिहिणार, हे खरं. पण लिहिलेलं वाचता येणारा गावात बहुधा एकच, लिहिणारा. मग ताडून पाहणार कोण? जी वही पाटलाला आवरण्यासाठी होती, तीच गावाच्या मानेवर बसली. शेतकऱ्याच्या जमिनीची, देण्याघेण्याची नोंद वंशपरंपरेनं एकाच घरात. ती बरोबर आहे की नाही हे शेतकऱ्यानं विचारायचं तरी कोणाला? पुन्हा त्याच घराला.

शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि १९१८ मध्ये कुलकर्णी वतन बरखास्त करून त्या जागी पगारी तलाठी नेमले. त्यावर त्या काळी फार मोठा वाद झाला, जातीच्या अंगानं तर झालाच. तो सगळा इथे मांडत नाही. पण आपल्या शब्दाच्या दृष्टीनं हे दोन निर्णय एकत्र वाचले पाहिजेत. तलाठी नेमल्यानं वही वतनातून सुटली. पण ज्याच्याबद्दल ती वही आहे त्याला ती वाचता येत नसेल, तर वही नुसती या घरातून त्या कचेरीत गेली, एवढंच. शाळेनं वाचणारा तयार व्हायचा होता. जो ताडून पाहू शकतो त्याच्याकडे नियंत्रण. बाकीच्यांकडे फार तर देखरेख.

आज गडमुडशिंगीतला माणूस आपला सातबारा मोबाईलवर काढतो, डिजिटल सहीसकट. आपण आयटीवाले याकडे फारसं पाहतही नाही, आपल्याला ती एक सरकारी वेबसाइट वाटते. पण १८४४ च्या गडकऱ्याला एवढंच मिळालं असतं, की आपल्या जमिनीसमोर कचेरीत काय लिहिलं आहे ते वाचता यावं आणि चूक असेल तर ती मांडायची जागा असावी, तर सामानगडाचा दरवाजा कदाचित उघडा राहिला असता. यात 'कदाचित' महत्त्वाचं आहे. वाचता येणं ही अर्धी गोष्ट. वाचून 'हे चूक आहे' म्हटल्यावर कोणी ते दुरुस्त करणं ही दुसरी. तलाठी कार्यालयात फेरफाराच्या नोंदीसाठी ज्यांनी खेटे घातलेत त्यांना या दुसऱ्या अर्ध्याची किंमत ठाऊक आहे.

थोडक्यात, माझ्यापुरता कोश असा जमला. ज्याच्या नावावर आहे ती मालकी. ज्याला दरवाजा बंद करता येतो तो ताबा. ज्याच्या नावानं हुकूम सुटतो ती सत्ता. जो प्रत्यक्ष चालतो तो अंमल. ज्याला नुसतं बघता येतं ती देखरेख. ज्याची भीती वाटते तो वचक. आणि काय व्हायला हवं होतं, काय झालं, हे ताडून फरक दुरुस्त करता येतो, ते नियंत्रण.

या हिशेबानं हापिसातल्या चौघांना उत्तर देता येतं. मालकी क्लायंटची, सत्ता मॅनेजरची, ताबा रूट पासवर्डवाल्याचा. लॉग वाचणारा नियंत्रणाच्या सर्वांत जवळ. पण त्याला लॉगमध्ये गडबड दिसली, ती त्यानं सांगितली, आणि पुढे काही हललं नाही, तर त्याच्याकडे नुसती देखरेख. मग त्या सिस्टीमचा कंट्रोल कोणाकडेच नाही, आणि हे चौघांपैकी एकानंही सांगितलं नव्हतं.

सोमवारी एकदा विचारून बघा: आपल्या टीममध्ये दुसरी वही कोणाकडे आहे, ती कोण वाचतं, आणि वाचणाऱ्याचं कोणी ऐकतं का?